हॉब्सन-जॉब्सन ऑनलाइन: दाखल्यांना पैकीच्या पैकी, व्युत्पत्तीला जरा हात राखून

कंपनीच्या काळातल्या इंग्रजी पत्रांत 'ग्रिफिन' किंवा 'बॉबरी' भेटले की खिशातला शब्दकोश हात टेकतो. ग्रिफिन म्हणजे हिंदुस्थानात नुकताच उतरलेला नवखा साहेब. बॉबरी म्हणजे आरडाओरडा, आणि तो आपल्या 'बाप रे'वरून आला. असल्या शब्दांसाठी हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांचा 'हॉब्सन-जॉब्सन' हवा. मूळ कोश १८८६चा. शिकागो विद्यापीठाच्या दक्षिण आशियाई कोशांच्या संकेतस्थळावर विल्यम क्रुकने संपादलेली १९०३ची आवृत्ती फुकट वाचता येते.

पहिली अडचण स्पेलिंगची. आजच्या सवयीने 'तमाशा' टाइप केला तर मुख्य शब्द सापडणार नाही. साहेबाने 'अ' बहुधा 'यू'ने लिहिला, त्यामुळे तमाशा 'टी-यू'खाली, बंदोबस्त 'बी-यू'खाली आणि कच्चा 'सी-यू'खाली. तरीही हाती लागलं नाही तर मुख्य शब्दांचा नाद सोडून सगळ्या मजकुरात शोधा.

नोंदीत आधी अर्थ आणि व्युत्पत्ती, मग सालवार उतारे. खरा माल या उताऱ्यांत आहे. चौकोनी कंस मात्र नजरेआड करू नका, कारण कंसातली भर क्रुकची. 'डंगरी' या जाड्याभरड्या कापडाबद्दल मूळ लेखक म्हणतात की हा शब्द कुठल्याच कोशात दिसत नाही. लगेच कंसात क्रुक मोल्सवर्थचा मराठी कोश काढून दाखवतो: मुंबईच्या डोंगरी किल्ल्यालगत विकलं जाणारं ते डोंगरी कापड! कंस न पाहता उतरवून घेतलं तर क्रुकचा शोध यूलच्या नावावर जातो.

मराठी वाचकाने 'मॉर्ट-द-शिएन' ही नोंद चुकवू नये. पटकीचं हे जुनं नाव फ्रेंचमध्ये 'कुत्र्याचं मरण' असं दिसतं, पण कुत्र्याचा काही संबंध नाही. कोकणी-मराठी 'मोडशी'चं पोर्तुगिजांनी 'मोर्देशीं' केलं आणि फ्रेंच कानांनी त्यात कुत्रा घुसवला. गोव्यात राहिलेल्या गार्सिया द ओर्ताचा १५६३चा उतारा तिथेच आहे. आपल्याकडे मोडशी आता अपचनापुरती उरली, इंग्रजीतून तर ती गेलीच.

'टिफिन'ची नोंदही भक्कम. अवेळी खाण्यापिण्याला 'टिफिंग' म्हणायची जुनी इंग्रजी बोली होती, तिथून तो येतो. डबा हा अर्थ नंतरचा. पण सगळीकडे असा भरवसा ठेवू नका. इंग्रजीत 'डॅमची पर्वा नाही' म्हणतात, ते 'दाम' या नाण्यावरून आलं असावं, असं हा कोश सुचवतो. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाला ते मान्य नाही. शब्द कधी, कुठे, कोणी वापरला हे इथून घ्या, मूळ मात्र ऑक्सफर्डमध्ये ताडून पाहा. मराठी मूळ असेल तर मोल्सवर्थची १८५७ची आवृत्ती याच संकेतस्थळावर आहे, दुसऱ्या टॅबमध्ये उघडी ठेवा.

उणिवा आहेतच. काही परभाषी उतारे भाषांतराविनाच दिलेत, आणि 'नेटिव्हां'बद्दलचा साहेबी तोरा जागोजागी टोचतो. पण 'अपर रॉजर' म्हणजे आपला 'युवराज', हे दुसरा कुठला कोश इतक्या मजेत सांगणार?