इंजिनाच्या पोटातला आवाज: आठ महिन्यांनंतर

ओओ स्केलच्या, म्हणजे १:७६ मापाच्या, वाफेच्या इंजिनांच्या दोन मॉडेलांत लोकसाउंड ५ डिकोडर, म्हणजे मोटर आणि आवाज दोन्ही सांभाळणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, बसवून आठ महिने झाले. घेतले होते आवाजासाठी. आज कुणी विचारलं तर सांगेन, पैसे वसूल झाले ते हळू चालण्यात.

त्याआधी एक डिकोडर जाळला. चूक शंभर टक्के माझी. जुन्या इंजिनांत मोटरच्या एका ब्रशला करंट थेट चासीतून, म्हणजे धातूच्या सांगाड्यातून, मिळतो. तो ब्रश चासीपासून तोडल्याशिवाय डीसीसीचं, म्हणजे रुळांतून डिजिटल हुकूम पाठवून इंजिन चालवण्याचं, नाव काढायचं नाही. लाल-काळी वायर रुळांकडची, केशरी-करडी मोटरची, हे तोंडपाठ होतं. पण मोटरचं टोक आणि चाक यांच्यात मल्टिमीटर बीप देतो का, एवढं बघायला धीर नव्हता. बारीक धूर, करपट वास, संपलं. पहिल्यांदाच करणाऱ्यानं डिकोडरसाठी ८ पिनचं सॉकेट असलेलंच इंजिन घ्यावं, जुन्याच्या नादाला लागू नये.

स्पीकर ११ बाय १५ मिलिमीटरचा. डबीशिवाय लावला तर पुढचा आणि मागचा आवाज एकमेकांना खाऊन टाकतात, डास गुणगुणल्यासारखं ऐकू येतं. डबी टेंडरमध्ये, म्हणजे इंजिनामागच्या कोळशाच्या डब्यात, मावेना, म्हणून आतलं वजन कोरून घ्यायला उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये गेलो. मिलिंगवाला बघतच राहिला. "खेळण्यापायी मशीन लावायचं व्हय?" म्हणाला, पण काम असं चोख केलं की बघत राहावं. भानगड नंतर कळली: हलका झालेला टेंडर वळणावर रुळावरून उतरायला लागला. मग टेंडरच्या आत, अ‍ॅक्सलच्या वरच्या बाजूला शिशाचे तुकडे चिकटवले. इंजिन आणि टेंडरमधली वायर दोनदा तुटली, आता मऊ सिलिकॉनची लावलीय.

डिकोडर मोटरशी जुळवून घ्यायला सीव्ही ५४ मध्ये (सीव्ही म्हणजे डिकोडरमधली क्रमांकाची सेटिंग) ० टाकून कंट्रोलरवरचं एफ१ बटण दाबायचं. इंजिन एकदम फुल स्पीडनं सुटतं, हे वाचलं होतं तरी मी टेबलाच्या कडेजवळच दाबलं. हातात झेललं म्हणून वाचलं. त्यानंतर मात्र ते असं सरकायला लागलं की चाकाचे आरे मोजावेत. आधीच्या साध्या कंट्रोलरवर हे इंजिन एक तर थांबायचं, नाहीतर उडी मारायचं.

दोन सिलिंडरच्या इंजिनाला चाकाच्या एका फेऱ्यात चार 'छुक' हवेत. चाकावर खडूची रेघ ओढून मोजत बसलो. 'छुक'चा वेग ठरवणाऱ्या सीव्ही ५७ आणि ५८ शी झटापट करण्यात एक अख्खी संध्याकाळ गेली. बायको म्हणाली, "अहो, तो आवाज तरी कमी करा." सीव्ही ६३ निम्म्यावर आणला आणि खरं सांगतो, तोच बरा वाटतो. खोलीच्या मानानं इंजिन गावभर ओरडायला नको.

पावसाळ्यात खरी परीक्षा झाली. जुलैत इथली हवा कशी असते ते सांगायला नको. रुळांवर काळपट थर, करंट क्षणभर तुटला की आवाज बंद, मग सगळं पहिल्यापासून सुरू. आयसोप्रोपिल अल्कोहोलचं फडकं आठवड्यातून दोनदा फिरवत होतो. शेवटी करंट तुटला तरी क्षणभर वीज पुरवणारा कपॅसिटरवाला पॉवरपॅक जोडला, तेव्हा जीव थंड झाला. हा खर्च पहिल्याच दिवशी धरा, नंतर पुन्हा सगळं उघडावं लागतं.

एक गोष्ट अजून टोचते. पुणे-मिरज मीटरगेज लाइन १९७१ मध्ये ब्रॉडगेज झाली, त्याआधीची वाफेची इंजिनं वडिलांनी ऐकलेली. त्यांना हौसेनं एफ२ दाबून शिट्टी ऐकवली. डोळे मिटून ऐकली आणि म्हणाले, "चांगली आहे. पण ही आपली न्हवं." आवाज ब्रिटिश इंजिनाचा, आपल्या वायपीचा, म्हणजे मीटरगेजवरच्या वाफेच्या इंजिनाचा, तयार आवाजाचा प्रोजेक्ट मला कुठं मिळाला नाही. चांगलं रेकॉर्डिंग सापडलं तर लोकप्रोग्रामरनं, म्हणजे डिकोडरमध्ये आवाज भरायच्या यंत्रानं, स्वतःच चढवणार आहे. तोवर वडील समोर असले की छुकछुक चालू ठेवतो, शिट्टी वाजवत नाही.