जुन्या टीएच ३५० आणि टीएच ४०० साठी कन्व्हर्टर: मूळ स्टॉलचा, जास्त स्टॉलचा की लॉक-अपवाला?

टीएच ३५० आणि टीएच ४०० हे जनरल मोटर्सच्या जुन्या गाड्यांतले ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाची ताकद ऑइलमधून गिअरबॉक्सपर्यंत नेणारा टॉर्क कन्व्हर्टर; स्टॉल म्हणजे गाडी थांबलेली असताना त्याच्याविरुद्ध इंजिन जास्तीत जास्त जितक्या आरपीएमपर्यंत चढतं तो आकडा. आधी खाली वाकून बघा, गाडीत यांतला कुठला गिअरबॉक्स आहे. इतक्या वर्षांत मूळ गिअरबॉक्स बदललाही गेला असेल. टीएच ३५० ला किकडाउनची (पेडल पूर्ण दाबल्यावर खालचा गिअर पाडणारी) केबल असते, टीएच ४०० ला विजेची वायर. १९६५ ते ६७ च्या काही ब्यूइक, ओल्ड्समोबिल आणि कॅडिलॅकमधल्या टीएच ४०० मध्ये स्विच-पिच, म्हणजे आतल्या पात्यांचा कोन बदलणारा कन्व्हर्टर होता. त्याच्या जागी साधा कन्व्हर्टर तसाच बसत नाही. बाकीच्या ३५० आणि ४०० च्या इनपुट शाफ्टला ३० दाते असतात, अ‍ॅल्युमिनियमच्या पॉवरग्लाइडला (जनरल मोटर्सचाच दोन गिअरांचा ऑटोमॅटिक) १७.

मग कन्व्हर्टर ज्या बोल्टांनी फ्लेक्सप्लेटला (इंजिनामागच्या पातळ चकतीला) जोडतात, त्यांचं वर्तुळ मोजा. ते १०.७५ किंवा ११.५ इंचाचं असतं. तीन कानांच्या कन्व्हर्टरवर शेजारच्या दोन भोकांचं अंतर मध्यापासून मध्यापर्यंत घ्या: ९.३ इंचांच्या आसपास आलं तर लहान वर्तुळ, जेमतेम १० आलं तर मोठं.

आता निवड. इंजिन मूळ अवस्थेत असेल, तर मूळ स्टॉलचाच नवा किंवा नीट दुरुस्त केलेला कन्व्हर्टर घ्या. माझं मत ठाम आहे, कारण जास्त स्टॉलचा मोह अनेकांना होतो आणि गाडी बिघडते. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) मोठा असेल आणि खालच्या आरपीएमला इंजिनात दम नसेल, तरच जास्त स्टॉलचा उपयोग. इंजिन ताकदीच्या टप्प्यात पोचेपर्यंत तो घसरतो. या घसरण्याचीच उष्णता ऑइलमध्ये उतरते. वेगळा ऑइल कूलर लावणार नसाल, तर हा विचार सोडा. मागचा अ‍ॅक्सल लांबच्या प्रवासासाठी, म्हणजे इंजिन कमी फिरवणारा, असेल, तर हायवेवरही घसरण चालूच राहते.

लॉक-अपने, म्हणजे कन्व्हर्टरच्या आतल्या जोडणाऱ्या क्लचने, ही घसरण थांबते, पण साध्या ३५० मध्ये त्याचा ऑइलमार्गच नाही. त्यासाठी १९८२ पासूनचा ७००आर४ हा चार गिअरांचा, लॉक-अपवाला गिअरबॉक्स बसवता येतो. पहिला गिअर ३५० च्या २.५२ ऐवजी ३.०६, वर ०.७० चा ओव्हरड्राइव्ह. पण टीव्ही केबल (थ्रॉटलनुसार ऑइलचा दाब ठरवणारी) चुकीची जुळवली तर हा गिअरबॉक्स लवकर जळतो. रोज लांब पल्ला असेल तरच इतका खटाटोप करा.

कुठलाही घ्या, बसवताना गिअरबॉक्सच्या ऑइल पंपात पूर्ण आत गेला आहे ना ते पाहा. बेलहाउसिंग (गिअरबॉक्सचं पुढचं कवच) इंजिनाला जोडल्यावर कन्व्हर्टर हाताने फिरला पाहिजे आणि फ्लेक्सप्लेटपर्यंत ३ ते ५ मिमी फट राहिली पाहिजे. फट नसेल, तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका; पंप फुटतो.