पुणे-चिपी विमान, बरेच महिने वापरून झाल्यावर (आणि ते रिक्षाचे बाराशे)

आधीच सांगते, विमानाबद्दल माझी तक्रार नाहीये. ७०-७२ सीटचं एटीआर, पंख्याचं, जरा घरघरतं, नेहमीची केबिन ट्रॉली वरच्या कप्प्यात बसत नाही, हे सगळं आता सगळ्यांना माहितीये. माझं डोकं फिरतं ते चिपीला, म्हणजे सिंधुदुर्गच्या विमानतळावर, उतरल्यावर. दहा-पंधरा मिनिटांत बॅग घेऊन बाहेर, आणि बाहेर काय तर सडा म्हणजे उघडा कातळ, वारा, मोजक्या रिक्षा आणि "ताई, खंय जावचा आसा?" माझं सासर इन्सुलीला, सावंतवाडीच्या पुढे, बांद्याच्या अलीकडे. रिक्षा बाराशे. कमी करा म्हटलं की म्हणतो परतीचं भाडं मिळत नाही. आणि त्याचं चूक नाही हो, मिळणार कुठून, पुढचं गिऱ्हाईक पुढच्या विमानाला.

आता पुण्याकडचा हिशोब बघा. मी कोथरूडची. वनाझला मेट्रोत बसायचं, रामवाडीला उतरायचं, ३० रुपये. तिथून लोहगाव विमानतळाला रिक्षा, ट्रॅफिक नसेल तर काहीच नाही. म्हणजे अख्खं पुणे ओलांडायला शंभर-दीडशे आणि तिकडे गावात जायला बाराशे! तिकीट बऱ्याचदा अडीच हजाराच्या आत मिळतं, म्हणजे जवळजवळ निम्मं तिकीट रिक्षालाच. नवरा म्हणतो तू काय त्या रिक्षाचं धरून बसलीस, आठ तास वाचतात ते बघ. बघते ना, पण बाराशे पण बघते.

२०२४ च्या ऑगस्टअखेर गणपतीच्या तोंडावर ही फ्लाइट सुरू झाली तेव्हा मीच सगळ्यांना फोन करून सांगत होते. त्याआधी आमचं ठरलेलं, चांदणी चौकातून रात्रीची ट्रॅव्हल्स, कोल्हापूर, मग आंबोलीचा घाट, पहाटे मुलगा पिशवीत उलटी करतोय आणि मागच्या स्लीपरमधला माणूस घोरतोय. त्यापुढे तासाभराचं विमान म्हणजे स्वर्गच. तेव्हा रिव्ह्यू लिहिला असता तर डोळे मिटून पाच स्टार दिले असते.

मग हळूहळू लक्षात येत गेलं. सुरुवातीला फ्लाइट फक्त शनिवार-रविवार. सासूबाई पडल्या त्या मंगळवारी. आम्ही अर्थातच ट्रॅव्हल्सने गेलो. हॉस्पिटलच्या खाटेवरून त्या म्हणाल्या, "तुमच्या त्या विमानाचा काय खरा नाय." विमानतळ आहे आणि विमान नाही, हे गावात कुणाला समजावून सांगता येत नाही.

आणि पावसाळ्यात तर कहर. एकदा ढग इतके खाली की वैमानिकाने दोनदा घिरट्या घातल्या, सगळे आपापल्या देवाला हाका मारतायत, आणि शेवटी विमान नेलं मोपाला. मोपा म्हणजे गोव्याचं नवीन विमानतळ, पेडण्यातलं. मी मनात शिव्या घालतेय, आता टॅक्सी किती घेणार वगैरे, तर बांद्यातला चुलत दीर अर्ध्या तासात गाडी घेऊन हजर, आणि चिपीला उतरून रिक्षाने गेलो असतो त्यापेक्षा लवकर आम्ही घरी! फुकटात! नवरा गप्पच झाला, कारण 'आपल्या जिल्ह्याचं विमानतळ' हे त्याचं लाडकं वाक्य.

त्या दिवसापासून मी या विषयात जरा जास्तच घुसले. चिपीची धावपट्टी अडीच किलोमीटर आहे, लोहगावची जवळपास तेवढीच. म्हणजे एअरबससुद्धा उतरू शकते, अडचण धावपट्टीची नाहीच. चिपी सुरू झालं ९ ऑक्टोबर २०२१ ला, मोपा जानेवारी २०२३ ला. रिकामं मैदान मिळालं जेमतेम सव्वा वर्ष. मोपाला टुरिस्टचा गोवा आहे, दिल्लीपासून सगळीकडची मोठी विमानं येतात, आणि बांदा-सावंतवाडीचे लोकही तिकडेच जातात कारण जवळ पडतं. मग चिपीसाठी उरलं कोण? वेंगुर्ला, मालवण, कुडाळ. त्यातही कोकणातली गर्दी वर्षभर सारखी नसते. गणपतीच्या आधी विमान जाताना फुल आणि येताना रिकामं, विसर्जनानंतर बरोबर उलटं. शिमगा आणि मे महिना सोडला तर बाकी काळात कोण जातंय? आणि सीट ७०, त्यामुळे चार-पाच रिकाम्या राहिल्या तरी कंपनीला चटका बसतो.

पुण्याकडची गोची वेगळीच. लोहगाव मुळात हवाई दलाचं, धावपट्टी त्यांची, स्लॉट, म्हणजे विमान उतरवायची-उडवायची ठरलेली वेळ, त्यांच्या सवडीने. एक स्लॉट मिळाला तर कुठलीही कंपनी तो १८० सीटच्या दिल्ली-बेंगळुरूला देईल की ७० सीटच्या चिपीला? मी असते तरी दिल्लीलाच दिला असता. २०२४ च्या जुलैत नवीन टर्मिनल सुरू झालं, चकाचक आहे, पण टर्मिनल वाढलं म्हणून धावपट्टी वाढत नाही.

उडान योजनेचं, म्हणजे छोट्या शहरांना स्वस्तात विमान मिळावं म्हणून केंद्राने काढलेल्या योजनेचं, पण वाचलं. ठरावीक सीटचं भाडं साधारण तासाला अडीच हजारावर बांधलेलं, कंपनीचा तोटा भरून द्यायचा, पण तीनच वर्षं. ते पैसे कुठून येतात तर मोठ्या मार्गांवरच्या विमानांवर लावलेल्या शुल्कातून, आणि थोडा वाटा राज्याचा. सरकारी खर्च तपासणाऱ्या कॅगचा २०२३ चा अहवाल आहे, त्यात उडानच्या पहिल्या तीन टप्प्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ सुरूच झाले नाहीत, आणि जे ३७१ सुरू झाले त्यातल्या ११२ नीच तीन वर्षं पूर्ण केली. चिपीचं मुंबईचं विमान ऑक्टोबर २०२१ ला आलं आणि तीन वर्षं भरल्यावर ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबलं. सासूबाईंना कॅग माहीत नाही पण निष्कर्ष तोच काढला होता.

एवढं सगळं वाचल्यावर माझा राग जरा निवळला, खोटं कशाला बोलू. चिपीबद्दल एक चांगलं सांगायलाच हवं, तिथे गर्दी नाही, लाइन नाही, म्हाताऱ्या माणसांना घेऊन जायला फार बरं. माझी आई गुडघ्यांमुळे कुठे जात नाही, ती या विमानाने मालवणला जाऊन आली आणि खूश झाली. मालवण-वेंगुर्ल्याला जाणार असाल तर डोळे झाकून घ्या. मी आधी तीन स्टार ठरवले होते, ते मालवणवाल्यांसाठी चार करते. बांद्याच्या बाजूला घर असेल तर दोन, आणि ते दोन पण नवऱ्यासाठी.

पण एक बस हवीच! विमानाच्या वेळेला जुळणारी एक मिनीबस, चिपी ते कुडाळ स्टेशन, पुढे सावंतवाडी. शंभर-दीडशे रुपये घ्या, आनंदाने देऊ. सत्तरातले वीस जण बसले तरी निघेल. आमदार-खासदार येऊन नवीन मार्गाला हिरवा झेंडा दाखवतात, फोटो येतात, पण उतरलेला माणूस पुढे घरी कसा जाणार याचा फोटो कोणी काढत नाही. ज्याला पहिल्यांदा बाराशे पडले तो दुसऱ्यांदा ट्रॅव्हल्स बघतो, आणि मग म्हणायचं प्रवासी मिळत नाहीत.

सामानाचं एक सांगायचं राहिलं. सुकं खोबरं विमानात चालत नाही, ना हातात ना चेक-इनला, तेल असतं त्यात, पेट घेतं म्हणतात. सासूबाईंनी दिलेल्या वाट्या तिथेच काढून ठेवाव्या लागल्या, म्हणून गावाहून निघतानाच बघा. आमसुलं, काजू, कुळथाचं पीठ बिनधास्त न्या, किलोचं गणित तेवढं घरीच करा.

मे महिन्याचं आमचं ठरलंय. जाताना विमान, बहुतेक मोपाच, येताना ट्रॅव्हल्स, कारण आंब्याच्या पेट्या विमानात घातल्या तर जादा वजनाच्या पैशात इथे मार्केट यार्डातनं हापूस येईल. कुणी चिपीहून सावंतवाडीला शेअर रिक्षा केली असेल तर माणशी किती घेतात ते जरूर सांगा. बाराशेच्या खाली काहीही चालेल.