दोनशे वीस रुपयांचा टायमर आणि वीस तारीख

बेळगावच्या गणपत गल्लीत एका भांड्यांच्या दुकानात कुकरची रिंग आणायला गेले होते, तिथं काउंटरवर हा पिळायचा टायमर दिसला. पांढरा, वाटीएवढा, तबकडीवर ० ते ६० मिनिटं, पाठीला लोहचुंबक. किंमत २२० रुपये. वॉरंटी विचारली तर मालक म्हणाले, "अक्का, एवढ्या पैशात वाजतोय हेच बघा की." चार महिने ऑफिसात वापरला, म्हणून आता लिहितेय.

मी उद्यमबागेजवळ एका कर सल्लागारांकडे हिशेबाचं काम करते. गिऱ्हाईकं म्हणजे फौंड्रीवाले, लेथवर जॉबवर्क करणारे आणि शहापूर-वडगावचे साडीवाले. आमचा महिना ७, ११, २० असा चालतो. सातला टीडीएस, म्हणजे पैसे देताना कापून घेतलेला कर भरायचा. अकराला जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं जीएसटी रिटर्न. वीसला ३बी, म्हणजे महिन्याच्या जीएसटीचा गोळाबेरीज हिशेब आणि भरणा. खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट, म्हणजे क्रेडिट, दाखवणारं २बी हे पत्रक येतं चौदाला. म्हणजे त्याच्याशी बिलं जुळवायला हातात सहा दिवस, त्यात बहुतेक वेळा एक रविवार. त्या दिवसांत येणारा प्रत्येक फोन "जरा अर्जंट हाय की"नं सुरू होतो. कानडीवाले "अर्जंट ऐत्री" म्हणतात, एवढाच फरक.

२५ मिनिटं काम, ५ मिनिटं विश्रांती ही पद्धत मला आधीच माहीत होती. १९८० च्या दशकाच्या शेवटी फ्रान्सेस्को सिरिलो या इटालियन विद्यार्थ्यानं टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून अभ्यास करायला सुरुवात केली. त्यांच्याकडे टोमॅटोला पोमोदोरो म्हणतात, तेच नाव पद्धतीला पडलं. चार फेऱ्या झाल्या की मोठी सुट्टी. मी हे मोबाईलवर करून बघितलं होतं. वेळ लावायला मोबाईल हातात घेतला की बिलांचे सतरा फोटो येऊन पडलेले, त्यातले निम्मे अंधुक. पंचवीस मिनिटं तिथंच संपायची. या डब्यावर मेसेज येत नाही, तेवढ्यासाठीच २२० रुपये वसूल.

खरा उपयोग मात्र भलताच निघाला. टायमर वाजला की वहीत कामापुढं एक रेघ मारायची, एवढंच मी करत होते. एका फौंड्रीच्या मालाच्या व्यापाऱ्याचं २बी जुळवणं आमच्या सरांच्या हिशेबात "अर्ध्या तासाचं काम". माझ्या वहीत आठ रेघा निघाल्या. त्यातल्या तीन जुळवण्याच्या, पाच राहिलेली बिलं मागण्याच्या! सरांना वही दाखवली. ते काही बोलले नाहीत, पण पुढच्या महिन्यापासून बिलं पाच तारखेच्या आत ऑफिसात पोचवायची, असा निरोप सगळ्या गिऱ्हाईकांना गेला. सगळे पाळतात असं नाही. साडीवाले तर लग्नसराईत दहापर्यंत तोंडसुद्धा दाखवत नाहीत. तरी परवाच्या वीसला मी साडेसहाला घरी होते. पूर्वी नऊ वाजायचे. फोनसुद्धा आता पाच मिनिटांच्या सुट्टीतच लावते. त्याला विश्रांती म्हणायचं का, हा प्रश्न आहेच.

आता खोडी. पहिली, टिकटिक. मोठी आहे. शेजारच्या टेबलावरच्या मुलीनं दुसऱ्याच दिवशी "ताई, बॉम्ब बंद करा" म्हटलं. लोखंडी कपाटाला चिकटवला तर पत्रा घुमतो आणि आवाज दुप्पट होतो, त्यामुळे चुंबक बिनकामाचा. मी खाली दुमडलेला नॅपकिन ठेवते. दुसरी, पाच-दहा मिनिटांसाठी तबकडी नुसती तेवढीच फिरवली तर कधी कधी वाजायच्या आधीच गप्प होतो. आधी वीसच्या पुढं नेऊन मग मागं आणायचा, म्हणजे स्प्रिंगला पीळ बसतो. हे खोक्यावर कुठंही लिहिलेलं नाही. तिसरी, पंचवीस मिनिटांत दीड मिनिट मागं पडतो. रिटर्नला चालतं, अंड्याला चालेल का माहीत नाही. जमेची बाजू म्हणजे सेल नाहीत, आणि वीज गेली तरी चालतो. तेव्हा कॉम्प्युटर बंद असतो, ही गोष्ट वेगळी.

काउंटरवर बसणाऱ्यांनी घेऊ नये. समोर माणूस उभा असताना "थांबा, अजून अकरा मिनिटं आहेत" म्हणता येत नाही. मी एकदा म्हटलं आणि ते काका अजून माझ्याशी नीट बोलत नाहीत. मागच्या खोलीत बसून आकडे जुळवणाऱ्यांनी जरूर घ्यावा. पाचपैकी साडेतीन, अर्धा टिकटिकीमुळे कापला.

गेल्या शनिवारी तो घरी नेला, तर सासूबाईंनी भातासाठी फ्रिजवर चिकटवला. सोमवारी मागितला तेव्हा म्हणाल्या, "तुला ऑफिसात घड्याळ नाही होय?" आता गणपत गल्लीला आणखी एक फेरी आली.