नैराश्य आणि चिंताविकार: औषधोपचार की बोधात्मक वर्तनोपचार?

सौम्य ते मध्यम नैराश्यात औषधे आणि बोधात्मक वर्तनोपचार (विचार व वागण्याच्या सवयी बदलायला शिकवणारा संवादात्मक उपचार) यांचा परिणाम साधारण सारखाच दिसतो. फरक आहे तो त्यांच्या कार्यपद्धतीत आणि उपचार थांबल्यानंतर काय उरते यात.

फ्लुओक्सेटिनसारखी औषधे मेंदूतील सेरोटोनिन या संदेशवाहक रसायनाचे पुनर्शोषण, म्हणजे पेशींनी ते परत शोषून घेणे, रोखतात. हा रासायनिक बदल काही तासांतच सुरू होतो, तरी मनःस्थिती सुधारायला सहसा २ ते ६ आठवडे लागतात, आणि नेमक्या याच काळात मळमळ, झोपेच्या तक्रारी किंवा लैंगिक इच्छा कमी होणे यांना कंटाळून अनेकजण गोळ्या सोडून देतात. बरे वाटू लागल्यावरही किमान ६ महिने औषध चालू ठेवावे लागते आणि पुढे ते डॉक्टरांच्या सल्ल्याने हळूहळू कमी करावे लागते.

अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञ ॲरन बेक यांनी १९६० च्या दशकात मांडलेल्या उपचारपद्धतीत, म्हणजे बोधात्मक वर्तनोपचारात, रुग्ण आपोआप उमटणारे विचार टिपतो आणि पुराव्यांच्या आधारे तपासतो. साधारण १२ ते २० सत्रांच्या या उपचारात गृहपाठही असतो, आणि तीव्र नैराश्यात अंथरुणातून उठणेच अवघड झालेल्या माणसाकडून त्याची अपेक्षा करणे मला काहीसे निर्दयच वाटते. मात्र येथे शिकलेले कौशल्य टिकते. म्हणूनच औषध बंद केलेल्यांच्या तुलनेत आजार उलटण्याचे प्रमाण कमी आढळते.

चिंताविकारांपैकी भयगंडात, म्हणजे एखाद्या गोष्टीच्या अवाजवी भीतीत, उदाहरणार्थ लिफ्टच्या भीतीत, टप्प्याटप्प्याने सामोरे जाण्याचा वर्तनोपचारच सरस ठरतो. तीव्र नैराश्यात दोन्ही उपचार एकत्र देणे अधिक परिणामकारक असते. द्विध्रुवी विकारात (नैराश्य आणि उन्माद, म्हणजे अतिउत्साहाची अवस्था, आलटून पालटून येणारा आजार) मात्र नुसते नैराश्यरोधक औषध उन्माद उफाळून आणू शकते, त्यामुळे निवडीआधी अचूक निदान आवश्यक असते.