मौनसाधनेतला रेघांचा कागद : जाऊन आल्यावरचं माझं मत

जेझुइट या कॅथलिक संघाच्या फादरांच्या एका साधनागृहात नुकतीच मौनाची साधना करून आले. तिथे स्तुतिगीतांचा बँड नव्हता, माइकवरून साक्षी नव्हत्या, डोक्यावर हात ठेवून होणाऱ्या प्रार्थना नव्हत्या. दिवसभर मौन, दिवसातून एकदा मार्गदर्शक फादरांशी बोलणं आणि आत्मपरीक्षणाची एक जुनी, अतिशय काटेकोर पद्धत, एवढंच. मी नगरची, प्रोटेस्टंट मंडळीतली. ‘कॅथलिकांकडे कशाला गेलीस?’ असं आमच्याकडचे बरेच जण विचारताहेत, म्हणून सविस्तर लिहिते. साधनागृहाचं नाव देत नाही, कारण काही उणिवाही सांगायच्या आहेत. शिवाय मला त्या इमारतीपेक्षा पद्धतीबद्दल जास्त बोलायचं आहे.

सोयीसुविधा आधी उरकते. खोली स्वच्छ, खाट-टेबल-खुर्ची, भिंतीवर क्रूस, टेबलावर मराठी बायबल. संडास-बाथरूम सामाईक, पण धुतलेलं. जेवण साधं: पोळी, उसळ, वरण-भात. जेवतानाही बोलायचं नाही, त्यामुळे वाढप्याला हाताने खूण करायची सवय करावी लागते. मोबाइल कार्यालयात जमा. घरी कुणी आजारी असेल तर तसं सांगा, कार्यालयाचा नंबर घरच्यांना देऊ देतात. पैशांसाठी अडवत नाहीत. खर्चाचा अंदाज सांगतात आणि जमेल तसं पाकिटात घालायला सांगतात.

आता मुख्य गोष्ट. ही पद्धत जेझुइट संघाचे संस्थापक, लोयोलाचे इग्नेशियस यांची. ते मुळात लढवय्ये. १५२१ मध्ये पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला, अंथरुणावर पडल्या पडल्या जीवनाची दिशा बदलली आणि पुढे मान्रेसा गावात राहून त्यांनी स्वतःच्या अनुभवावरून साधनेची टिपणं काढायला सुरुवात केली. पोप तिसरे पॉल यांनी त्या साधनेला १५४८ मध्ये मान्यता दिली. या साधनेत रोजच्या आत्मपरीक्षणाच्या पाच पायऱ्या आहेत. आधी देवाचे आभार. मग स्वतःची पापं दिसावीत म्हणून कृपेची याचना. मग उठल्यापासूनचा तासातासाचा हिशेब. मग क्षमायाचना आणि शेवटी सुधारण्याचा निश्चय. ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना म्हणून संपवायचं.

हा क्रम मला फार मोलाचा वाटला. आमच्याकडे पापकबुली म्हटलं की सुरुवातच ‘आम्ही अधम, आम्ही नालायक’ अशी होते. इथे पापाकडे वळण्याआधी दिवसभरात काय काय मिळालं ते एकेक करून आठवायला लावतात, आणि घाई करू देत नाहीत. सकाळचा चहा कुणी करून दिला, पायऱ्यांवर कुणी हात दिला, इथपर्यंत. आपल्याला इतकं मिळालंय हे एकदा ध्यानात आलं की मग लपवाछपवी करावीशीच वाटत नाही.

मार्गदर्शक फादर वयस्कर होते, बोलायचे कमी. पहिल्याच भेटीत मी म्हणाले, “फादर, माझ्यात गर्व फार आहे.” त्यांनी मान हलवली. “ताई, गर्व सगळ्यांतच असतो. मंगळवारी कुणाशी काय बोललात, ते सांगा.” मला लगेच सांगता येईना. त्यांनी घाई केली नाही. “आठवलं नाही तर उद्या सांगा,” म्हणाले, “पण माणसाचं नाव आणि तोंडून निघालेले शब्द, दोन्ही हवेत.” या साधनेचं सगळं सत्त्व मला त्या एका मागणीत दिसतं. ‘गर्व’ म्हटलं की ते पाप सगळ्यांचं होतं, म्हणून कुणाचंच राहत नाही. मंगळवार, ते माणूस आणि ते वाक्य म्हटलं की ते आपलंच, दुसऱ्या कुणाच्या अंगावर ढकलता येत नाही. मी पतसंस्थेत काम करते. दिवसअखेर ‘साधारण जुळतंय’ असं रोखपालाला म्हणता येत नाही, तसंच हे.

दुसऱ्या दिवशी त्यांनी तो रेघांचा कागद दिला. इग्नेशियसनी आखून दिलेल्या नमुन्यावरूनच तो काढलेला आहे. एकाखाली एक रेघांच्या सात जोड्या, आठवड्याच्या सात दिवसांसाठी. पहिली जोडी लांब, खालच्या क्रमाने आखूड होत जाणाऱ्या. आपला एकच दोष निवडायचा, एका वेळी एकच. सकाळी उठल्या उठल्या त्याची आठवण करून सावध व्हायचं. दुपारच्या जेवणानंतर बसून, सकाळपासून जितक्यांदा तो घडला तितके ठिपके वरच्या रेघेवर द्यायचे. रात्रीच्या जेवणानंतर पुन्हा बसायचं आणि दुपारपासूनचे ठिपके खालच्या रेघेवर. मग सकाळशी संध्याकाळ, कालशी आज, गेल्या आठवड्याशी हा आठवडा ताडून पाहायचा.

त्यात आणखी एक सूचना आहे, ती मला विशेष आवडली. दोष घडला त्याच क्षणी छातीवर हात ठेवायचा आणि मनात दुःख करायचं. चारचौघांत बसलेलो असलो तरी कुणाला कळत नाही. जो प्रार्थना करताना आपल्या खोलीत जाऊन दार लावून घ्यायला सांगतो, त्या येशूच्या शिकवणीला हे किती धरून आहे!

या कागदाचा धोकाही आहे, आणि फादरांनी तो न विचारता सांगितला. ठिपके कमी झाले की माणूस खूश होतो, आणि बायबलमध्ये लूकच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणारा धर्मनिष्ठ, मंदिरात तसाच तर उभा होता: आठवड्यातून दोनदा उपास, मिळकतीचा दशांश, सगळं चोख. घरी नीतिमान ठरून गेला तो मात्र ऊर बडवणारा जकातदार. म्हणून कागद देवासमोर ठेवायचा, आरशासमोर नाही, असं फादरांनी दोनदा बजावलं.

माझ्या तुकडीत एक शेतकरी काका होते. शेवटच्या दिवशी मौन सुटल्यावर त्यांनी सगळ्यांसमोर सांगितलं, आणि ‘हे बाहेर खुशाल सांगा’ असंही म्हणाले. धाकट्या भावाच्या आणि त्यांच्या शेतामधला बांध ते दर नांगरटीला थोडा थोडा कोरत आले होते. एका वेळी वीतभरसुद्धा नाही. इतकी वर्षं दर रविवारी ‘मी पापी आहे’ म्हटलं, पण त्या म्हणण्यात बांध कधी आला नाही. साधनेत तासातासाचा हिशेब करताना नांगरटीचा दिवस आला आणि बांध आला. त्यांना रडू येत होतं, तरी फादरांनी त्यांना तिथून फोन करू दिला नाही. भावनेच्या भरात फोनवर माफी मागून मोकळं होऊ नका, घरी जा, भावाला घेऊन बांधावर उभे राहा आणि मोजणी करून जमीन परत द्या, असं सांगितलं. बायबलमधल्या जक्कय या जकातदाराने येशूसमोर नुसतं ‘चुकलो’ म्हटलं नव्हतं, चौपट परत करतो म्हणाला होता. अर्पण वेदीपाशी ठेवून आधी भावाशी समेट कर, हे मत्तयाच्या पाचव्या अध्यायातलं वचन मी लहानपणापासून पाठ म्हणत आले. त्यात खराखुरा भाऊ आणि खरीखुरी जमीन मला त्या दिवशी दिसली.

आता उणिवा. पापनिवेदनाआधी, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करण्याआधी, वाचायला एक छापील प्रश्नावली देतात. ती मला अजिबात पटली नाही. मिस्सा (कॅथलिकांची प्रभुभोजनाची उपासना) चुकवली का, वाईट विचार आले का, आईवडिलांना उलटं बोललो का, असे चाळीसेक प्रश्न. घरकाम करणाऱ्या बाईचा पगार वेळेवर दिला का, हा प्रश्न नाही. मुलामुलीचं लग्न जमवताना ‘मूळचे कोण’ असं, म्हणजे पूर्वजांची जात, हळूच विचारलं का, हा तर नाहीच, आणि मराठी ख्रिस्ती समाजाने स्वतःला सगळ्यात आधी विचारावा असा तोच प्रश्न आहे. जी साधना इतकी नेमकी, तिच्या हातात इतका गुळगुळीत कागद का असावा? मी अभिप्रायाच्या वहीत हे लिहून आले आहे.

दुसरं, सकाळची प्रवचनं निम्मी इंग्रजीत झाली. खेड्यातून आलेल्या दोन बहिणी नुसत्या बसून होत्या. भाषा कुठली हे नाव नोंदवतानाच विचारा. आणि प्रोटेस्टंटांनी हे आधीच समजून जावं की मिस्सात ख्रिस्तशरीर, म्हणजे प्रभुभोजनाची भाकर, आपल्याला मिळत नाही, पुढे जाऊन फक्त आशीर्वाद घेता येतो. मला त्याचं वाईट वाटलं, पण त्यांनी ते प्रेमाने आणि आधी सांगितलं होतं.

आमच्या मंडळीत प्रभुभोजनाआधी पाळक पहिल्या करिंथकरांसच्या अकराव्या अध्यायातलं वचन वाचतात: माणसाने स्वतःची परीक्षा करावी आणि मग ती भाकर खावी. त्यानंतर शांतता असते, पण ती इतकी थोडी की पेटीवाला पुढच्या गीताचा सूर शोधेपर्यंत संपते. आपलीच माणसं यापेक्षा किती खोल गेली होती! पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला. त्यानंतर आठ वर्षांनी त्यांना कळून चुकलं की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला, ख्रिस्त अजून मिळालेला नाही. आणि त्यांनी ते लिहून जगापुढे ठेवलं. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये, नाव आणि मान असताना, मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात ‘देवाचा दरबार’ उभा केला. मराठी मंडळींना ही वाट परकी मुळीच नाही. आपण तिच्यावरून चालायचं सोडलंय, इतकंच.

कुणी जावं? ज्यांना प्रार्थना येते पण तीच ती वाटू लागली आहे, त्यांनी नक्की. मंडळीत पदावर असलेल्यांनी तर जावंच: पंच, संडेस्कूलचे शिक्षक, पाळकसुद्धा. ज्यांना आधीच सतत अपराधी वाटत असतं, झोप लागत नाही, त्यांनी मात्र डॉक्टरांशी आणि फादरांशी बोलल्याशिवाय जाऊ नये. खुद्द इग्नेशियसना मान्रेसात पापशंकेने, म्हणजे आपली पापं नीट कबूल झालीच नाहीत या सततच्या शंकेने, इतकं ग्रासलं होतं की जीव द्यावा असं वाटू लागलं होतं, आणि पुढे त्यांनी अशा शंकांसाठी साधनेत वेगळे नियमच घातले. आमच्या फादरांनी ते नियम एका बाईंना वाचून दाखवले, तिचा रेघांचा कागद परत घेतला आणि फक्त आभाराची पहिली पायरी करायला सांगितली.

पहिल्यांदा जाणाऱ्यांनी तीन दिवसांचीच साधना घ्यावी, आठ दिवसांची नंतर. ईस्टरआधीच्या उपवासकाळात जागा लवकर भरतात, तेव्हा तो काळ सुरू होतो त्या राखेच्या बुधवारच्या बऱ्याच आधी नाव नोंदवा. वही, पेन आणि रात्रीसाठी पांघरूण घरून न्या.