जुना निळा-पांढरा चिनी वाडगा: १७५२चा घ्यावा की १८२२चा?

पहिलाच जुना वाडगा घेणार असाल, तर बुडालेल्या जहाजांतून निघालेला माल आधी बघा. जहाज कधी बुडालं हे ठाऊक असतं, त्यामुळे वयाचा वाद उरत नाही. तळावरच्या राजमुद्रेवर तसं विसंबता येत नाही. कांगशी सम्राटाच्या काळातले (१६६२–१७२२) कारागीरसुद्धा आधीच्या मिंग घराण्यातल्या सम्राटांच्या मुद्रा बिनदिक्कत घालत.

बाजारात प्रामुख्याने दोन नावं ऐकू येतील. पहिलं ‘नानकिंग कार्गो’. डच ईस्ट इंडिया कंपनीचं गेल्डरमाल्सेन जहाज कँटनहून निघालं आणि जानेवारी १७५२ मध्ये खडकावर आपटून बुडालं. बुडालेल्या जहाजांतला माल काढणाऱ्या मायकेल हॅचरने १९८५ मध्ये तो वर काढला, पुढच्याच वर्षी ॲमस्टरडॅमला ख्रिस्तीज या लिलावसंस्थेने तो विकला. दुसरं टेक सिंग. शियामेनहून बटावियाला, म्हणजे आजच्या जकार्ताला, निघालेली ही चिनी जंक, म्हणजे शिडाचं जहाज, फेब्रुवारी १८२२ मध्ये बुडाली. तिच्यातले सुमारे साडेतीन लाख नग २००० साली श्टुटगार्टला लिलावात आले.

हातात घेतलं की फरक कळतो. गेल्डरमाल्सेनवरचा, चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेल्या जिंगडेझेन गावचा वाडगा पातळ, कड रेखीव, चित्र निगुतीने काढलेलं. टेक सिंगचा बराचसा माल फुजियानमधल्या देहुआचा: जाडसर, ब्रश झरझर फिरवलेला, काहींवर चक्क ठशाने उठवलेली नक्षी. आग्नेय आशियातल्या रोजच्या जेवणाची भांडी ती! मला त्यांचा हा मोकळेपणाच आवडतो आणि ती सहसा स्वस्तही पडतात. पहिल्या खरेदीला मी टेक सिंगच म्हणेन. बारीक चित्रकामासाठीच घेत असाल, तर मात्र नानकिंगसाठी थांबा.

समुद्राने दोघांचीही झिलई खाल्लेली असते, पण सारखी नाही. निळा रंग फिकट, पृष्ठभाग खरखरीत झालेला नग लिलावाचं लेबल आहे म्हणून घेऊ नका. लेबल एका भांड्यावरून दुसऱ्यावर जाऊ शकतं. सोबत पावती किंवा प्रमाणपत्र मागा. नखाने टिचकी मारा: आवाज बद्द आला तर तडा शोधा. कडेचा बारीक टवका चालेल, तडा नको.

हॅचरने माल काढताना जहाजाची शास्त्रीय नोंद नीट ठेवली नाही, ही पुरातत्त्वज्ञांची तक्रार रास्त आहे. ती खटकत असेल, तर जमिनीवरच्या जुन्या संग्रहातला वाडगा शोधा. फक्त तिथे वयाची खात्री जाणकाराकडून करून घ्यावी लागेल.

परदेशात राहून घेत असाल तर तो भारतात आणण्याआधी विचार करा. १९७२च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर पाठवता येत नाही. पुढे लंडन-ॲमस्टरडॅमला विकायचा बेत असेल, तर तो तिकडेच राहू द्या.